सातवं रीळ

माझ्या आईला माझ्या वडिलांनी फसवलं. वडिलांना मी पकडलं, आणि गप्प बसण्याची किंमत घेतली. ती किंमत आईच्याच हातातून आली. म्हणजे एका बाईला एकाच घरातल्या दोन पुरुषांनी फसवलं, आणि दुसऱ्याने त्याचा खर्चसुद्धा तिच्याकडूनच काढला. तो दुसरा मी.

हे आधीच सांगून टाकतो, कारण जळगावात माझी कीर्ती वेगळी आहे. तंबूतल्या सिनेमाचा मालक, शून्यातून वर आलेला, तोंडाने फटकळ, सौद्याला चिवट. भुसावळच्या वितरकांच्या कचेरीत मी पायरी चढलो की आतले कारकून म्हणतात, "आले, आता जेवणाची सुट्टी गेली." ही कीर्ती मी स्वतःच पसरवली. शून्यातून हा शब्द मी इतक्यांदा वापरला की मलाही तो खरा वाटायला लागला होता.

वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. नाना मिरचीचे दलाल. पांढरंशुभ्र धोतर, काळी टोपी सरळ, खांद्यावर उपरणं. घरात ते बोलत नसत. जेवताना मान वर करत नसत. सणाला पुरणपोळी वाढली तर ताटाच्या कडेला सारायचे आणि म्हणायचे, "गोड मला चालत नाही." आई ती पोळी उचलून मला द्यायची. घरात कुणी गुणगुणलं तर त्यांची एक नजर पुरे. आणि अहिराणीचा तर एक शब्द खपत नसे. त्यांचं मूळ गाव धुळ्याकडचं, आईचं माहेरही त्याच बाजूचं. पण घरात एकदा "सगळं संपलं"च्या जागी माझ्या तोंडून "बठ्ठं संपनं" निघालं तर थोबाडीत बसली होती. म्हणाले, "बाजारात माणसाचा भाव बोलण्यावरून ठरतो. शुद्ध बोल."

आई घरात दबकत चालायची. भांडं वाजू नये म्हणून फडक्यावर ठेवायची. मी कुरकुर केली की म्हणायची, "अबोल स्वभाव आहे त्यांचा. पोटात माया आहे, दाखवता येत नाही."

महिन्यातले दहा-बारा दिवस नाना दोंडाईच्याला असत, मिरचीच्या खरेदीला. आई पहाटे उठून कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून द्यायची. मला वाटे, हा माणूस तिथेही असाच मान खाली घालून एकटा जेवत असेल. मला त्याची दया यायची. ती दया माझ्याकडून कुणी परत घेतली नाही, म्हणून राग जास्त आहे.

नानांनी मला जवळ घेऊन शिकवलेली एकच गोष्ट, उपरण्याखालचा सौदा. आमच्या बाजारात भाव तोंडाने करत नसत. घेणारा आणि देणारा हातात हात घालायचे, वर उपरणं टाकायचे आणि बोटं दाबून भाव सांगायचे. एक बोट, दोन बोटं, पूर्ण पंजा, तळहातावर खूण. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी आत काय चाललंय ते त्या दोघांनाच ठाऊक. मी बारा वर्षांचा असताना नानांनी माझा हात उपरण्याखाली घेतला. त्यांच्या हाताचा ऊबदारपणा मला तेव्हा पहिल्यांदा कळला. म्हणाले, "एक ध्यानात ठेव. उपरण्याखाली ठरलं ते उपरण्याबाहेर बोलायचं नाही. बोलला तो बाजारातून उठला."

स्वातंत्र्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीची गोष्ट. मी दुसऱ्याच्या तंबूत दारावर होतो. तिकीट फाडायचं, दिवसा टांग्यातून कर्णा घेऊन जाहिरात करायची, खुंट्या ठोकायच्या, सगळंच. मला स्वतःचा तंबू हवा होता. भुसावळचा एकजण सिनेमाचं जुनं मशीन विकत होता. नानांकडे दोन वर्षं मागत होतो. ते म्हणत, "तमाशाचा धंदा. मिळायचं नाही."

चैत्रात धुळ्याला एकवीरेची जत्रा होती. पांझरा नदीच्या वाळूत आमचा तंबू लागला. दुपारची वेळ, मी कर्णा घेऊन पाळण्यांच्या रांगेपाशी ओरडत होतो. समोर एक माणूस खांद्यावर चारेक वर्षांची मुलगी घेऊन चालला होता. टोपी तिरकी, हातात जिलबीचा पुडा. एक तुकडा मुलीला, एक आपल्या तोंडात. पिपाणीवाल्याशी अहिराणीत घासाघीस चालली होती आणि तीही अशी की पिपाणीवालाच पोट धरून हसत होता. मुलीने पिपाणी फुंकली तसा हा माणूस वाळूत दोन पावलं नाचला. लोक बघायला लागले तशी बरोबरची बाई त्याची बाही ओढत म्हणाली, "लोके दखी राहिनात ना!"

माणूस ओळखीचा वाटला. कुठे पाहिलाय ते मात्र आठवेना. हे कुणाला सांगितलं तर विश्वास बसणार नाही: स्वतःचा बाप मला दहा पावलांवरून ओळखू आला नाही. कारण मी त्याला हसताना कधी पाहिलं नव्हतं.

मग त्याने मला पाहिलं. क्षणभर चेहऱ्यावर जळगावचे नाना आले, ओठ मिटलेले, डोळे थंड. आणि लगेच निघून गेले. दोन माणसं एकाच चेहऱ्यावर आली आणि गेली, हे मी डोळ्याने पाहिलं आहे. खांद्यावरच्या मुलीला जरा वर सरकवत तो हसत बाईला म्हणाला, "हाऊ मन्हा भाऊना पोऱ्या शे. जळगावले ऱ्हास."

भावाचा मुलगा. पुतण्या. आणि नानांना भाऊ नव्हताच.

बाई म्हणाली, "मंग घर का नही लई येतस? चाल भाऊ, जेवाले चाल."

मी गेलो. हे मुद्दाम लिहितो: मी भांडलो नाही, कर्णा टाकून पळालो नाही, गेलो आणि जेवलो. त्या बाईने आग्रहाने वाढलं. नानांनी दोन वेळा शिरा मागून घेतला. मुलगी त्यांच्याच ताटात जेवली, त्यांना आबा म्हणत होती. हात धुवायला पाणी देताना ती बाई हळू आवाजात मला म्हणाली की तुझी काकू वारल्यावर ह्यांचं हसणंच गेलं होतं म्हणे, आता कुठे माणसात आले. वारलेली काकू त्या घटकेला जळगावात नानांचं धोतर वाळत घालत असेल.

त्या बाईचाही दोष नव्हता. तिलाही फसवलंच होतं.

चार दिवसांनी जळगावच्या बाजारात नानांनी मला बोलावलं. भर दुपार, मिरचीच्या पोत्यांत सगळे खोकत होते. नानांनी उपरणं हातावर घेतलं आणि हात पुढे केला. शंभर माणसांदेखत. मी हात आत घातला. त्यांनी बोटं दाबली. मी मान हलवली. त्यांनी वाढवली. मी पुन्हा मान हलवली, आणि मग त्यांच्या हातावर मशीनची किंमत दाबली, पूर्ण, एक पैसा न सोडता. त्यांनी हात काढून घेतला. दुसरीकडे पाहिलं. जुना दलाल पाहतो तसं. पुन्हा हात दिला आणि तीच किंमत दाबली. सौदा झाला.

एक शब्द बोललो नाही, दोघंही. मला पुतण्या म्हणाला, तर पुतण्याची किंमत दे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. बरीच वर्षं मी तो माझा सगळ्यात चांगला सौदा समजत होतो.

तिसऱ्या दिवशी नानांनी आईजवळ पाटल्या मागितल्या. पोराला धंद्याला हव्यात, म्हणाले. आई न्हाणीत गेली, साबण लावून पाटल्या काढू लागली. लग्नापासूनच्या होत्या, निघेनात. मनगट लाल झालं. बाहेर येऊन माझ्या हातात दिल्या आणि म्हणाली, "बघ, मी म्हणत नव्हते? पोटात माया आहे त्यांच्या."

तेव्हा बोलता आलं असतं. मी पाटल्या रुमालात बांधल्या.

तंबू चालला. जळगाव, चोपडा, एदलाबादची जत्रा, पाऊस उघडला की पुन्हा जळगाव. मी कुणालाही सोडलं नाही, ना वितरकाला, ना तेलवाल्याला, ना खुंट्या ठोकणाऱ्याला. नवीन सिनेमा लागला की पहिल्या खेळाला आई यायची. मशीनला हळदकुंकू लावायची, नारळ फोडायची आणि बायकांच्या बाजूला कनातीला लागून ठेवलेल्या लोखंडी खुर्चीत बसायची. बाकी सगळ्या वाळूवर. शेजारणी म्हणत, "अक्का, राणीसारख्या बसता हो." आई लाजायची. दुसऱ्या दिवशी नळावर सगळ्यांना ती गोष्ट पुन्हा सांगायची, आणि सिनेमापेक्षा तिची गोष्ट चांगली असे.

पाच-सहा वर्षांनी भुसावळला एक सिनेमा आला. अकोल्याकडे त्याने गर्दी खेचली होती. वितरकाने मला तो चालवून दाखवला. शहरातला एक अब्रूदार गृहस्थ, बायको, घर, देवघर. अधूनमधून तो नाहीसा होतो. कुठे जातो ते त्याचं त्यालाच आठवत नाही. कोटाच्या खिशात कधी पैंजण सापडतं, कधी बासरी. बायकोला वाटतं घरात भूत आहे. मधेच दिवे जातात, आरशात दुसराच चेहरा दिसतो, बाया किंचाळाव्यात असं सगळं. सातव्या रिळात उलगडतं: दुसऱ्या गावात तोच माणूस दुसऱ्या नावाने राहतो, गातो, हसतो, त्याची दुसरी बायको आहे, लहान मूल आहे. एका देहात दोन माणसं, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. शेवटी दोघी बायका एका खोलीत समोरासमोर येतात, आणि तो मधे कोसळून रडतो.

सिनेमातला माणूस आजारी होता, त्याला काही आठवत नव्हतं, डॉक्टर येऊन तसं सांगून जातो. आमच्या माणसाला सगळं आठवत होतं. गाडीची वेळसुद्धा. तिकीट दोंडाईच्याचं काढायचा, नरडाण्याला उतरायचा आणि तिथून मोटारीने धुळं गाठायचा.

तो सिनेमा मी आणला नसता तरी चाललं असतं. दुसरे होते. पण गर्दीचा होता, आणि समोरचा तंबूवाला टपून बसला होता. मी दोन तास भांडून तो घेतला.

जळगावला फिल्मची पेटी उघडल्यावर मी ऑपरेटरला सांगितलं, "सातवं रीळ लावायचं नाही. आणि शेवटच्यातून त्या दुसऱ्या बाईचा तुकडा काढ."

ऑपरेटर माझ्यापेक्षा वयाने मोठा, शांत माणूस. म्हणाला, "भाऊ, सातव्यात तर सिनेमाचा जीव आहे."

"जीव काढ."

"लोक तंबू फाडतील."

"तंबू माझा आहे, तुझा नाही. खेळ लांबतो, इंजिनला तेल जास्त लागतं. सांगितलं तेवढं कर."

फिल्म वितरकाला पुरी परत करावी लागते, मोजून घेतात. म्हणून सातवं रीळ आणि तो तुकडा एका पत्र्याच्या डब्यात घालून मी तंबूतल्या माझ्या खाटेखाली ठेवला.

पहिल्या खेळाला आई आली. नारळ फुटला. आमचं मशीन एकच, दर रिळानंतर थांबायचं, ते लोकांच्या अंगवळणी होतं. सहाव्यानंतर आठवं सुरू झालं आणि दोन मिनिटांत गलका उठला.

"ओ मालक! हिरो स्टेशनावर होता, घरात कधी आला?"

"विमानाने आला असेल!"

"अर्धा सिनेमा दाखवता, अर्धं तिकीट परत द्या!"

शेवटी तर बायको एकटी उभी आणि हा तिच्यासमोर धाय मोकलून रडतोय, कशासाठी ते कुणाला कळेना. मी मधे उभा राहून ओरडलो की रीळ रेल्वेत खराब झालं, पसंत नसेल त्याने उद्या येऊ नये. माझ्या तोंडाला लोक घाबरतात. आणि मधलं समजलं नाही तरी भुतासाठी उद्या येणारच होते.

तंबू रिकामा झाल्यावर आई म्हणाली, "मधे काय झालं रे?"

"रीळ खराब."

"तो का रडला?"

"मला काय ठाऊक. सिनेमा आहे."

दुसऱ्या दिवशी नळावर आईने गोष्ट पुरी केली. मी घरात दाढी करत होतो, खिडकीतून ऐकू येत होतं. ती सांगत होती की त्या माणसाचा एक आजारी भाऊ होता, दूर गावी. घरच्यांना काळजी नको म्हणून हा न सांगता जाऊन त्याची सेवा करायचा. खिशातलं पैंजण त्या भावाच्या मुलीचं. भाऊ गेला, म्हणून शेवटी रडला. "माणूस अबोल होता हो," ती म्हणाली, "मनात साठवून ठेवलं सगळं. काही माणसं असतात तशी."

वस्तरा गालाला लागला. ती सिनेमा सांगत नव्हती. घरातलं जे भोक ती आयुष्यभर स्वतःच्या हाताने बुजवत आली होती, तेच तिने तिथेही बुजवलं. आणि दोन्ही ठिकाणी भोक पाडणारा, किंवा पडलेलं उघडं ठेवणारा, मी होतो.

दहा-बारा दिवसांत तिची गोष्ट आळीभर झाली. मग आमची एक शेजारीण भुसावळहून परतली. लेकीच्या बाळंतपणाला गेली होती, तिथे त्याच सिनेमाची दुसरी प्रत लागली होती. नळावर बादली ठेवायच्या आधीच सुरू झाली.

"अक्का, तुमच्या त्या सज्जन माणसाला दोन-दोन घरं होती की हो! दुसरी बाई, मूल, सगळं! आणि तुम्ही म्हणे भावाची सेवा! केली हो, चांगलीच सेवा केली!"

बायका खो-खो हसल्या. आईसुद्धा हसली. बादली भरून घरात आली आणि माजघरात बराच वेळ उभी राहिली.

त्या दुपारी ती तंबूत आली. दुपारी कधी येत नसे. मी खाटेवर पडलो होतो, ऑपरेटर जेवायला गेला होता.

"रीळ खराब झालं नव्हतं ना?" तिने विचारलं.

"होतं."

"कुठे आहे?"

"परत पाठवलं."

"तू?" ती म्हणाली. "पुरी पेटी झाल्याशिवाय पाठवणीचं भाडं तू देशील? काढ."

मी डबा काढला. तिने रिळाचं टोक ओढलं, तंबूच्या दाराशी गेली आणि उन्हासमोर फिल्म धरली. एक एक चौकट. तो माणूस हसतोय. तो माणूस गातोय. बाई. मूल त्याच्या खांद्यावर. तिला दूरचं चांगलं दिसायचं, जवळचं दिसत नसे. हात लांब करून बघत होती. फिल्म तिच्या पायाशी वेटोळं करून पडत होती आणि मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला "बोटं लावू नको" म्हटलं नाही.

"तू कापलंस?"

"हो."

"का?"

"खेळ लांबतो. तेल..."

"मला नको सांगू." तिचा आवाज चढला नाही. "जळालेला बोटभर तुकडासुद्धा जोडून दाखवणारा तू. एक फूट फिल्म फुकट टाकली नाहीस कधी. लोकांच्या शिव्या खाऊन तू एवढं बाजूला ठेवतोस, म्हणजे ते कुणीतरी बघू नये म्हणून. तंबूत कुणासाठी खुर्ची ठेवतोस तू? माझ्याच एकटीसाठी ना?"

सौद्यात समोरच्याला खरा भाव कळला की बोलून फायदा नसतो.

"कुठे? दोंडाईच्याला?"

"धुळ्याला."

"किती वर्षं ठाऊक आहे तुला?"

"सहा."

ती बराच वेळ फिल्म गुंडाळत राहिली. नीट, घडी न पडू देता. मग म्हणाली, "फुकट गप्प बसणारा नाहीस तू. काय घेतलंस?"

तिची नजर माझ्यावरून मशीनवर गेली. तिने तिथे स्वतः लावलेलं हळदकुंकू होतं. मग तिने आपल्या मनगटांकडे पाहिलं, काचेच्या बांगड्यांकडे.

"अच्छा," ती म्हणाली. एवढंच.

पुढच्या आठवड्यात नाना दोंडाईच्याला म्हणून निघाले. आईने भाकरी आणि ठेचा बांधून दिला, नेहमीसारखा. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाली, "मला धुळ्याला ने." मी म्हटलं, काय करणार आहेस तिथे? तमाशा? म्हणाली, "सातवं रीळ बघायचंय."

एस.टी.ने गेलो. त्या घरासमोर रस्त्यापलीकडे पिठाची गिरणी होती. आई डोक्यावरून पदर घेऊन दळण आणलेल्या बायकांत उभी राहिली. समोर ओट्यावर नाना बसले होते, अंगात बंडी, टोपी नाही. मुलगी दहा वर्षांची झाली होती. तिच्या केसांना तेल लावून ते वेणी घालत होते, आणि वेणी घालताना गात होते, मोठ्याने, बेसूर. ती "आबा, दुखंस ना!" म्हणून ओरडत होती. ती बाई चहा घेऊन बाहेर आली. नानांनी कुणाची तरी नक्कल केली, मान तिरकी करून. तिघंही हसली. गिरणीच्या आवाजातूनही ते हसणं ऐकू येत होतं.

मला वाटलं आई पुढे जाईल. मी तयारही होतो, बाह्या सारल्या होत्या. नानांची मानगूट धरायची माझी सहा वर्षांची इच्छा होती. आई जागची हलली नाही. एखाद्या परक्या माणसाची चौकशी करावी तशी तिने मला विचारलं, "एवढे हसतात?"

"हो."

आणखी थोडा वेळ तिने पाहिलं. मग म्हणाली, "चल."

एस.टी.त मी तिला ते काकू वारल्याचंही सांगून टाकलं. का सांगितलं, अजून कळत नाही. बहुतेक ओझं उतरवायला. ते मी तिच्या डोक्यावर उतरवलं. पारोळ्याला गाडी थांबली, लोक चहाला उतरले, आम्ही बसून राहिलो. तेव्हा ती बोलली.

"मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी कमी आहे, म्हणून ते हसत नाहीत. पंचवीस वर्षं भांडं वाजू दिलं नाही मी." खिडकीबाहेर पाहत ती म्हणाली, "हा माणूस मला आवडला असता रे."

मी नानांना शिव्या द्यायला लागलो. तिने हात वर करून थांबवलं.

"मी काही विचारणार नाही. तिथे मी मेलेली आहे. मेलेल्या माणसाने काय विचारायचं? तू विचार. एकच. हा माणूस तुमच्याजवळ होता, तर घरी का नाही आणला?"

मी म्हटलं, विचारतो. वचन दिलं.

नाही विचारलं. उपरण्याखालचं बाहेर काढायचं नाही, हे कारण मी स्वतःला देत होतो. खरं कारण असं की विचारलं असतं तर नाना म्हणाले असते, तू किती घेतले होतेस? त्या एका वाक्याला मी घाबरलो. तंबूभर लोकांना दरडावणारा मी.

आई त्यानंतर तंबूत आली नाही. खुर्ची रिकामी असायची, तिथे मी दुसऱ्या कुणाला बसू दिलं नाही. एकदा नवीन पाटल्या करून आणल्या. तिने डबी बंद करून परत दिली आणि म्हणाली, "माझ्या आहेत ना, तुझ्या मशीनमध्ये." नाना घरी असले की ती पूर्वीसारखीच वाढायची. फक्त एक गोष्ट बदलली: सणाला त्यांच्या ताटात पुरणपोळी वाढेनाशी झाली. नानांच्या ते लक्षातही आलं नाही. दोन वर्षांनी ती गेली. शेवटच्या आजारात तिने मला एकदाच विचारलं, "विचारलंस?" मी म्हटलं, "विचारतो, बरी हो." तिने डोळे मिटले.

आता नाना माझ्या ओसरीवर बसलेले असतात. गुडघे गेले, प्रवास बंद झाला. डोळ्यांत मोतीबिंदू आहे. धुळ्याहून पोस्टकार्ड येतात, मुलगी लिहिते, शाळेच्या वळणदार अक्षरात: आबा, कधी याल, आई वाट पाहते, पुतण्या दादांना नमस्कार. नानांना वाचता येत नाही, म्हणून ती मीच वाचून दाखवतो. वाचत असताना त्यांच्या चेहऱ्यावर तो धुळ्याचा माणूस येतो. ओठ सैल होतात, डोळे बारीक होतात. मी पोस्टकार्ड खाली ठेवलं की तो निघून जातो आणि आमचे नाना उरतात. मी शेवटची ओळ कधीकधी दोनदा वाचतो. तो माणूस जरा थांबावा म्हणून. मलाही तो आवडतो, हीच माझी मोठी चीड आहे.

काल कार्ड वाचून झाल्यावर नानांनी उपरण्याखालून हात पुढे केला. काहीतरी पाठवायचं असेल धुळ्याला, त्याचा आकडा सांगायचा असेल, सवयीने. मी हात आत घातला नाही.

नाना, हा कागद लिहून झाला की मी तुमच्यासमोर बसून तो वाचणार आहे, पोस्टकार्ड वाचतो तसा, पहिल्या ओळीपासून. मी काय घेतलं आणि कुणाकडून, ते मी वर लिहिलं आहे, एक शब्द न कापता. तुम्ही मला विचारायच्या आधी. आता माझ्याकडे लपवायला काही नाही, म्हणून आता तुम्हाला पळायला जागा नाही. एक बाई पंचवीस वर्षं फडक्यावर भांडी ठेवत होती आणि तुम्ही तिला मेलेली म्हणून सांगत होतात. तिचा प्रश्न एवढाच: तो माणूस तुमच्याजवळ होता, तर घरी का नाही आणला?

उपरणं बाजूला ठेवा. बोटं नकोत. तोंडाने सांगा, आणि शुद्ध नको, ज्या बोलीत हसता त्या बोलीत सांगा. मी बसलो आहे.